बोडीकाठची कोरी जागा

टेंभरे सरांच्या चित्रात मी एक चितळ घुसवलं. त्यांना न विचारता, त्यांच्याच रंगांनी, त्यांच्याच ब्रशने. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण बाकीच्यांना निदान काही आधार होता. या चुकीला चार पाय होते आणि त्यांतला एकही जमिनीला टेकत नव्हता.

टेंभरे सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. सडक अर्जुनीहून आत, जंगलाच्या कडेला लागून असलेल्या गावात आमची शाळा. मी १९९९ साली तिथे विज्ञान शिकवायला रुजू झालो, तेव्हा सरांची निम्म्याहून जास्त नोकरी झाली होती. पहिल्या दिवशी माझं लक्ष गेलं ते त्यांच्या डाव्या हाताकडे. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवे, मातकट, राखाडी पट्टे. मला वाटलं, त्वचारोग. असं वाटणारा मी पहिला नव्हतो. संस्थेच्या एका संचालकांच्या आईने त्यांना कडुनिंबाच्या पाल्याची पिशवी पाठवली होती. सरांनी ती आदराने घेतली, एक पान चुरगळून त्याचा हिरवा हातावर ओढला, आणि निरोप पाठवला की आजीबाईंचा हिरवा बाजारातल्या हिरव्यापेक्षा चांगला आहे.

सर बाटलीतल्या रंगांनी चित्रं काढत. दुकानात त्यांना पोस्टर कलर म्हणतात, सर पुस्तकातल्यासारखं 'गॉश' म्हणत आणि गावातले लोक 'मास्तरचा चुना'. हा रंग पाण्यात कालवायचा असतो, पण दाट बसतो, खालचं सगळं झाकतो. त्याची एक खोड आहे. ओला असताना तो एक दिसतो आणि वाळला की दुसराच. फिका रंग वाळून गडद होतो, गडद रंग फिका पडतो. म्हणून सर प्रत्येक रंग आधी हातावर ओढत, त्याच्यावर फुंकर घालत, आणि तो वाळेपर्यंत कोणाशी बोलत नसत. पांढरा तर त्यांना इतका लागे की गोंदियाच्या बाजारातला स्टेशनरीवाला विचारायचा, "मास्टरजी, पूरा घर पोत रहे हो क्या?"

या रंगाने सरांना एक वाक्य दिलं होतं आणि ते त्यांनी आयुष्यभर वापरलं. "वाळू द्या जी."

गावाच्या रस्त्यावर डांबर पडलं. सगळे कौतुकाने बघायला गेले. सर म्हणाले, "ओला हाये म्हणून चकाकते. वाळू द्या जी." पुढच्या पावसाळ्यात तो रस्ता धानाच्या बांधीसारखा नुसता चिखल झाला. आमच्या एका सहकाऱ्याने मुलीसाठी पाहिलेल्या स्थळाचं फार कौतुक केलं, मुलगा कसा नम्र, कसा मान खाली घालून बसतो. सर म्हणाले, "पहिल्या भेटीत सगळेच ओले असतेत." सहकारी दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. नंतर बोलू लागला, तेव्हा मुलगी माहेरी परत आली होती. सरांनी एका शब्दाने आठवण करून दिली नाही.

एकदा हेडमास्तर त्यांच्यावर सर्वांसमोर कडाडले. सर शांतपणे ऐकत उभे होते. शेवटी म्हणाले, "आत्ता तुमी ओले हाव, सर. वाळल्यावर बोलू." हेडमास्तरांनी आधी आपला शर्ट चाचपून पाहिला.

पण हे सगळं किरकोळ. सरांची खरी ख्याती होती ती त्यांच्या एका चित्रामुळे. तीन वर्षं ते एकच चित्र काढत होते.

गावापासून दीड कोसावर, जंगलाला चिकटून एक बोडी आहे. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेलं लहानसं तळं. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत सर तिथे जाऊन बसत. खाली बारदाना, मांडीवर पाट, पाटावर कागद. शनिवारपासून डोक्याला तेल नाही, अंगाला साबण नाही. न्हाव्याने मानेला पावडर लावली म्हणून एकदा एक अख्खा रविवार वाया गेला असं ते सांगत. एका वनरक्षकाने त्यांना शिकारी समजून तासभर दरडावलं. तो ओरडून विचारी, सर कुजबुजत उत्तर देत.

"जोरात बोला!"

"तुमीच हळू बोला न जी. येत असन तं ते पळून जाईन."

"कोण येत असन?"

"तेच तं पाहून रायलो."

चित्र मी पाहिलं होतं. मी काही जाणकार नाही, पण त्या चित्रासमोर माणूस आपोआप हळू बोलू लागे. पहाटेचं राखाडी पाणी, त्यावर कमळाची पानं, पलीकडे मोहाचं झाड आणि त्याच्या खाली ओलं गवत. सगळं इतकं गप्प की कोणीतरी नुकतंच श्वास रोखला असावा. आणि पाण्याच्या काठाशी, गवताच्या मधोमध, हाताच्या पंजाएवढी कोरी जागा. रंगच नाही. नुसता पांढरा कागद.

"सर, ही जागा रिकामी का सोडली?" मी विचारलं.

"रिकामी नाही. रिझर्व्ह हाये."

"कोणासाठी?"

"पाण्यावर येते त्याच्यासाठी."

"मग काढून टाका की एखादं हरिण. तुम्हाला काय अवघड?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विद्यार्थ्याच्या कोऱ्या पेपरला मार्क द्यायला सांगितलं. "बिनपाहता काढलेलं जनावर उभं नाही राहत, बोरकर सर. टांगून राहते."

स्टाफरूममध्ये यावर रोज थट्टा चाले. सोमवारी सर आले की कोणीतरी विचारायचं, "काय सर, आले का पाहुणे?" सर डबा उघडत म्हणायचे, "नाही आले." आम्ही हसायचो. त्यांना राग येत नसे. आता वाटतं, हा प्रश्न त्यांना घरीही कोणीतरी विचारत होतं, फक्त ते माणूस हसत नव्हतं. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

चित्राच्या तिसऱ्या वर्षी शिक्षकांच्या चित्रांचं जिल्हा प्रदर्शन होतं. विषय, वन्यप्राणी. हेडमास्तरांनी मला प्रदर्शनाचं काम दिलं आणि शाळेतर्फे टेंभरे सरांचं चित्र पाठवायचं ठरवलं. सर म्हणाले, "पूरं नाही झालं." हेडमास्तर म्हणाले, "सोमवारपर्यंत करा." सर नेहमीचं वाक्य म्हणाले आणि निघून गेले. चित्र मात्र चित्रकलेच्या खोलीतच राहिलं. शनिवारी त्यांनी सुट्टी घेतली, पत्नीला गोंदियाला डॉक्टरांकडे न्यायचं होतं.

"बोरकर सर," हेडमास्तर मला म्हणाले, "देखो, पिक्चर में हिरोच नाही. कोण देईल नंबर? काहीतरी करा."

त्यांनी सांगितलं म्हणून मी केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. हौस माझी होती. शाळेत असताना मी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती आणि बी ग्रेड मिळवली होती. ती बी ग्रेड माझ्या आत वीस वर्षं बसून होती. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली, तसं मी स्टाफरूममधलं कृषी केंद्राचं कॅलेंडर उतरवलं. त्यावर चितळ होतं, खताच्या पोत्याकडे प्रेमाने बघणारं. कार्बन पेपर घातला, गिरवलं, सरांच्या बाटल्या उघडल्या आणि त्या कोऱ्या जागेत ते चितळ रंगवलं. पाठीवर ठिपकेसुद्धा दिले, एकोणीस. ओलं असताना ते गवतात असं मिसळलं होतं की मला माझंच कौतुक वाटलं. हातावर रंग लावून बघायचं मला सुचलं नाही. कुलूप लावून घरी गेलो.

सोमवारी कुलूप उघडलं तेव्हा चितळ वाळलं होतं. अंग विटेसारखं गडद, पाय खडूसारखे पांढरे, आणि खुरांच्या खाली बोटभर हवा. दुरुस्त करायला वेळ नव्हता. गाडी दारात उभी होती.

त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं.

परीक्षक म्हणाले, हरिण जणू उडी घेण्याच्या बेतात आहे, हा क्षण कलावंताने अचूक पकडला. मी हात जोडून उभा होतो. सर प्रदर्शनात पोचले ते थेट बक्षीस समारंभाला. गर्दीतून वाट काढत ते चित्रासमोर गेले. मग बोट जिभेला लावून त्यांनी एका खुराला टेकवलं. पांढरा बोटाला लागला. माझ्याकडे न वळता म्हणाले, "पांढरा जास्त झाला."

एवढंच. मंचावरून त्यांचं नाव पुकारलं. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "सर, शाळेची इज्जत." ते वर गेले, प्रमाणपत्र घेतलं, फोटोला उभे राहिले. एक शब्द बोलले असते तर माझी नोकरी नाही, पण माझं तोंड तरी काळं झालं असतं. ते बोलले नाहीत. प्रमाणपत्र त्यांनी घरी नेलं नाही. शाळेच्या कपाटात, जुन्या नकाशांच्या मागे सरकवून ठेवलं.

इथवरची गोष्ट मी पूर्वी लोकांना सांगितलेली आहे. हसवण्यासाठी. लोक हसतातही. पुढची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

दहा-बारा दिवसांनी मी सरांच्या घरी गेलो होतो, शाळेच्या कसल्याशा कागदावर सही घ्यायला. सर औषध आणायला गेले होते. कौशल्या वहिनी ओसरीत खाटेवर होत्या. लकव्याने त्यांची एक बाजू गेल्याला तीन वर्षं होऊन गेली होती. बोलणं जरा जड जाई, पण समजे सगळं. शेजारच्या मुलीने चहा आणून दिला. ती गेल्यावर वहिनींनी चांगल्या हाताने उशीखालून वर्तमानपत्राची घडी काढली. स्थानिक पानावर सरांचा फोटो होता, शेजारी चित्र. शेजाऱ्यांनी अभिनंदन म्हणून पेपर आणून दिला होता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "याले ठिपके हायेत."

मी कप बशीत ठेवला.

"माझ्या जनावराले ठिपके नव्हते. चार शिंगं होते. दोन मोठे, दोन लहान, कपाळावर."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन पहिल्याच वर्षी त्या बोडीवर एकट्या गेल्या होत्या. मोहाखालून ते आलं, पाणी प्यालं, त्यांच्याकडे पाहिलं आणि गेलं. घरी येऊन सांगितलं तर सासू म्हणाली, बकरी असेल. दीर म्हणाले, चार शिंगांची बकरी. तेव्हापासून पंचवीस वर्षं त्या घरात 'कौशल्याची बकरी' हा विनोद होता. लेकरं नव्हती, त्यामुळे विनोदाला दुसरा विषयही मिळाला नाही. त्या खाटेला लागल्या तेव्हा एक दिवस सरांना म्हणाल्या, मी खोटं नव्हती बोलली. सरांनी पुस्तकात शोधलं. चौशिंगा. असतो. आपल्याच जंगलात असतो, लाजरा, एकटा, रोज पाण्यावर येणारा. त्या रविवारपासून सर बारदाना घेऊन जाऊ लागले. दर वेळी परत आले की वहिनी विचारत, "आलं का?" आणि सर म्हणत, "नाही. पुढच्या बारी."

"तीन वर्ष झाले," वहिनी म्हणाल्या. "आता दुसरंच काढलं त्याइनं. मले सांगतलंबी नाही." मग त्यांनी विचारलं, "मास्तर थकले का जी, भाऊ?"

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते जगात फक्त मला ठाऊक होतं. वहिनी, ते चितळ मी काढलंय, सर थकलेले नाहीत. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण गावात ही गोष्ट फुटली असती, हेडमास्तरांपर्यंत गेली असती, प्रदर्शनापर्यंत गेली असती. माझी कॉलर मला प्यारी होती.

"हो वहिनी," मी म्हणालो. "थोडे थकलेत."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी पुन्हा उशीखाली सरकवली. "मंग असू द्या," त्या म्हणाल्या. "त्याइले सांगू नका, मी पाहिलं म्हणून."

मी चहा संपवला. तोही संपवला, टाकून उठलो नाही.

पुढे एक दिवस डबा खाताना सर मला म्हणाले, "आता विचारत नाही जी ते."

"कोण?"

"आमची कौशल्या. बोडीवरून आलो का दर बारी विचारे, आलं का म्हणून. आता नाही विचारत. काऊन विचारत नाही, काय मालूम." मी डबा बंद केला. सर म्हणाले, "वाळू द्या." पण या वेळी ते वाक्य त्यांनी कोणाला सांगितलं ते मला कळलं नाही. त्यानंतर दोन रविवार ते गेले. मग जाणं थांबलं. सांगणार कोणाला? फाल्गुनात वहिनी गेल्या. सरांचा डावा हात स्वच्छ झाला आणि निवृत्त होईपर्यंत स्वच्छच राहिला. स्टाफरूममधली थट्टाही थांबली होती, कारण त्यांच्यात थट्टा करण्यासारखंच काही उरलं नव्हतं.

चित्र हेडमास्तरांच्या खोलीत लागलं, काचेच्या फ्रेमीत. काही वर्षांनी त्या खुर्चीवर मी बसलो. ते टांगलेलं चितळ समोरच्या भिंतीवरून रोज माझ्याकडे बघे, खताच्या पोत्याकडे बघावं तसं प्रेमाने.

दोन वर्षांपूर्वी शाळेला रंग द्यायचा निघाला. सगळं भिंतीवरून उतरलं. ते चित्र मी परत लावलं नाही. एका रविवारी ते पिशवीत घालून बसने गोंदियाला आलो आणि तिथून कुडव्याला. सर तिथे पुतण्याकडे राहतात, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. गच्चीत खुर्ची टाकून बसले होते. वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत गोल फिरत होतं.

"या, बोरकर सर," ते म्हणाले. "सकाळपासून उतरते न पुन्हा उडते. शिकून रायले बिचारे. पुतण्या म्हणते, काका, हे पायलट होतीन. मी म्हटलं, वाळू दे."

मी फ्रेम काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजून टांगलेलंच हाये," ते म्हणाले.

"पुसता येईल का, सर?"

"हा रंग कधीच पक्का नसते जी. पन्नास वर्षांनी पाणी लावा, जागा होते." ते उठून आत गेले आणि एक ब्रश, वाटीभर पाणी, जुन्या धोतराचा तुकडा घेऊन आले. फ्रेमीचे खिळे त्यांनीच काढले. मला वाटलं, आता ते सुरू करतील. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "तुमी काढलं, तुमीच पुसा. घासू नका. ओलं करा, थांबा, मंग टिपा."

मी एक एक पाय ओला करत गेलो, थांबत गेलो, टिपत गेलो. एकोणीस ठिपके एका पाठोपाठ एक विरघळले. धोतराच्या तुकड्यावर विटेचा लगदा आला. सर खुर्ची जवळ ओढून बघत होते. एकदाच म्हणाले, "गवताले धक्का नको." शेवटी कागदावर एक मळकट ओला डाग उरला आणि त्यात कार्बन पेपरची निळी रेघ.

"गेलं का, सर?" मी विचारलं.

"आत्ता काय सांगू? वाळू द्या."

ते विमानाकडे बघायला लागले. माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाले, "कौशल्या होती तंवरी जागा कोरी ठेवाची होती. येवो न येवो. विचारत तं होती."

डाग वाळायला ऊन भरपूर होतं. मला माहीत होतं की पाच मिनिटांत तो वाळेल, सर काहीतरी बोलतील, पुतण्याची बायको चहा आणेल, आणि मी पिशवी उचलून बस पकडीन. अकरा वर्षं मी असंच वाळण्याची वाट पाहत आलो होतो. मी ब्रश वाटीत ठेवला. डाग अजून ओला होता.

"सर," मी म्हणालो, "वहिनींनी पेपरातला फोटो पाहिला होता. त्यांनी मला विचारलं होतं, मास्तर थकले का म्हणून. मी हो म्हणालो. म्हणून त्यांनी तुम्हाला विचारणं सोडलं. तुम्ही थकला नव्हता सर, आणि हे त्यांना सांगू शकणारा मी एकटाच होतो. माझं चुकलं. मला माफ करा."